नव्या वाईनची पारख : बाटलीतून बागेकडे

वाईनसाठी द्राक्षे पिकविणाऱ्या बहुतेक बागायतदारांचा वाईनशी असलेला संबंध वायनरीच्या वजनकाट्यापाशी संपतो. क्रेट उतरले, रिफ्रॅक्टोमीटरवर साखर पाहिली आणि पावती हातात पडली की हंगाम आटोपला असे आपण समजतो. त्या द्राक्षांची वाईन कशी उतरली, कोणाला आवडली, कोणी नाकारली, याची माहिती आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचते. पुढील वर्षी कराराची बोलणी सुरू झाली की मात्र "मागच्या मालाला हिरवट वास होता", "वाईन पातळ झाली" अशी वाक्ये ऐकावी लागतात आणि त्यावर दर ठरतो. समोरचा सांगतो ते खरे आहे काय, आणि खरे असल्यास दोष बागेचा की वायनरीचा, हे आपल्याला सांगता येत नाही.

ही बाब किरकोळ नाही. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यानंतर राज्यात, विशेषतः नाशिक भागात, वाईन द्राक्षाची लागवड झपाट्याने वाढली. विंचूर व पलूस येथे वाईन पार्क उभे राहिले. मात्र २००८ च्या अखेरीस मंदी आली आणि २००९ व २०१० या वर्षांत अनेक वायनऱ्यांकडे वाईनचा साठा पडून राहिला. कित्येक बागायतदारांची द्राक्षे उचलली गेली नाहीत आणि अनेकांनी बागा काढून टाकल्या. वाईनची जात खाण्यासाठी बाजारात विकता येत नाही, कारण मणी लहान, साल जाड आणि बी मोठी असते. गिऱ्हाईक एकच आणि तेही मोजके. म्हणून त्या गिऱ्हाइकाला नेमके काय हवे आहे, हे स्वतःच्या नाकाने व जिभेने ओळखता येणे ही बागायतदाराची गरज आहे.

ही विद्या अवघड नाही. विक्रेत्याच्या यादीतील नव्या वाईन पद्धतशीर चाखून त्यांची पारख कशी करावी आणि त्या पारखीचा उपयोग आपल्या बागेत कसा करावा, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

चाखणे म्हणजे पिणे नव्हे

वाईनचा परीक्षक वाईन गिळत नाही. तो घोट तोंडात फिरवतो आणि थुंकतो. एका बैठकीत सहा वाईन प्रत्येकी ५० मि.ली. घेतल्या तर ३०० मि.ली. वाईन होते. ती पोटात गेली तर चौथ्या पेल्यानंतर निर्णयावर विश्वास ठेवता येणार नाही. म्हणून प्रत्येकाजवळ थुंकण्यासाठी भांडे ठेवणे हा पहिला नियम आहे. कायद्याने ठरविलेल्या वयाखालील मुलांना बैठकीत घेऊ नये आणि बैठकीनंतर वाहन चालवू नये.

आपल्यापैकी अनेकांच्या गळ्यात माळ आहे, अनेक भगिनी वाईनला स्पर्शही करू इच्छित नाहीत. त्यांनी या कामातून बाजूला होण्याचे कारण नाही. पुढे दिलेल्या गुणतक्त्यात २० पैकी १० गुण केवळ डोळ्यांनी व नाकाने देता येतात. वाईनमधील बहुतेक दोष तोंडात घेण्यापूर्वी वासातच उघडे पडतात. शिवाय बागेत मणी चाखण्याचे काम तर कोणीही करू शकतो.

बाटल्यांची निवड

आठ-दहा बागायतदारांचा गट असल्यास खर्च वाटून घेता येतो. ७५० मि.ली. च्या बाटलीतून ५० मि.ली. प्रमाणे १५ पेले निघतात, म्हणजे एका बाटलीत संपूर्ण गटाचे भागते. विक्रेत्याकडून बाटल्या घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) एका बैठकीस पाच ते सहा वाईन पुरेत. त्याहून अधिक घेतल्यास नाक व जीभ थकतात.

२) सर्व बाटल्या एकाच जातीच्या आणि एकाच हंगामाच्या असाव्यात. शेनिन ब्लाँ व शिराझ यांची तुलना करणे म्हणजे गव्हाची ज्वारीशी तुलना करण्यासारखे आहे. आपल्या बागेत जी जात आहे तिच्यापासून सुरुवात करावी.

३) बनविणारे वेगवेगळे आणि शक्यतो भाग वेगवेगळे असावेत. दिंडोरी, निफाड, सांगली, सोलापूर अशा निरनिराळ्या भागांतील एकाच जातीची वाईन शेजारी शेजारी ठेवली की हवामान व जमिनीचा परिणाम आपोआप दिसतो.

४) किमतीत फार तफावत नसावी. मात्र एखादी बाटली मुद्दाम महाग घ्यावी. दर जास्त म्हणजे दर्जा जास्त असतोच काय, याचा पडताळा मिळतो.

५) दुकानात उन्हात किंवा दिव्याखाली उभी असलेली बाटली घेऊ नये. उष्णतेने चांगली वाईनही बिघडते आणि तिचा दोष आपण चुकून द्राक्षाला देऊ.

जानेवारी-फेब्रुवारीत काढलेल्या पांढऱ्या द्राक्षांची वाईन त्याच वर्षी बाजारात येऊ शकते. म्हणून पावसाळ्याचे दिवस नव्या पांढऱ्या वाईनच्या परीक्षणास सोयीचे असतात. लाल वाईन बहुधा उशिरा येते. लाकडी पिंपात ठेवलेली असल्यास एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळ लागतो.

जागा, वेळ व साहित्य

सकाळी १० ते १२ ही वेळ उत्तम. पोट भरलेले नसावे, तसेच उपाशीपोटीही बसू नये. आधी तासभर चहा, पान, तंबाखू, वेलदोडा, तिखट काहीही घेऊ नये. अत्तर किंवा सुगंधी तेल लावू नये. त्या दिवशी फवारणी केलेली असल्यास हात व कपडे स्वच्छ असावेत. खोलीत उदबत्ती नको आणि शेजारी कांद्याची चाळ किंवा गोठा नको. दिवसाचा उजेड भरपूर असावा. टेबलावर पांढरा कापड किंवा कोरा कागद पसरावा, कारण रंग पांढऱ्या पार्श्वभूमीवरच कळतो.

पेला रंगहीन काचेचा, दांड्याचा आणि काठाकडे निमुळता असावा. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ३५९१ (१९७७) प्रमाणे चाखण्याच्या पेल्यात सुमारे २१५ मि.ली. मावते आणि त्यात ५० मि.ली. वाईन ओततात. उरलेली मोकळी जागा वास साठण्यासाठी असते. पेला काठोकाठ भरल्यास वास उडून जातो. पेले साबणाच्या वासाचे नसावेत, गरम पाण्याने धुऊन वाळवावेत.

पांढरी वाईन १० ते १२ अंश सें. व लाल वाईन १६ ते १८ अंश सें. तापमानास चाखावी. पांढरी वाईन बर्फासारखी थंड केल्यास तिचे दोष लपतात. लाल वाईन आपल्याकडील ३० अंशाच्या खोलीत ठेवल्यास मद्यार्काचा वास वर येतो आणि बाकी सारे झाकले जाते. म्हणून लाल बाटलीही आधी काही वेळ शीतकपाटात ठेवावी. जातींची सरमिसळ करावयाचीच असेल तर पांढरी आधी, लाल नंतर, तसेच कोरडी आधी आणि गोड शेवटी, असा क्रम ठेवावा. मध्ये मध्ये साधे पाणी प्यावे आणि मिठाशिवायचा पाव किंवा कोरडी भाकरी खावी. फरसाण किंवा लोणचे ठेवू नये.

नाव झाकून चाखावे

बाटलीवरचे नाव डोळ्यांसमोर असले की जीभ डोळ्यांचे ऐकते. म्हणून बाटल्या कागदात गुंडाळून त्यांवर फक्त क्रमांक घालावेत. हे काम चाखणारांपैकी कोणी करू नये, त्रयस्थाकडून करून घ्यावे.

याचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण पॅरिसचे आहे. स्टीव्हन स्पुरियर या इंग्रज वाईन विक्रेत्याचे पॅरिसमध्ये दुकान होते. २४ मे १९७६ रोजी त्याने नऊ फ्रेंच परीक्षकांसमोर कॅलिफोर्नियाच्या व फ्रान्सच्या वाईन नावे झाकून ठेवल्या. पांढऱ्या १० व लाल १०, त्यांत प्रत्येकी सहा कॅलिफोर्नियाच्या व चार फ्रान्सच्या होत्या. गुण २० पैकी द्यावयाचे होते. त्या काळी फ्रान्सच्या तोडीची वाईन जगात कोठे होत नाही असे सर्वजण मानत. निकालात पांढऱ्यांत शातो मॉन्टेलेना (१९७३) आणि लालमध्ये स्टॅग्ज लीप वाईन सेलर्स (१९७३) या दोन कॅलिफोर्नियन वाईन पहिल्या आल्या. नावे दिसत असती तर असा निकाल लागला असता काय, याचा विचार करावा.

आपल्या दृष्टीने त्यातील एक बाब अधिक महत्त्वाची आहे. मॉन्टेलेनाची ती शार्डोने वाईन वायनरीच्या स्वतःच्या बागेतील नव्हती. द्राक्षे शेतकऱ्यांकडून विकत घेतलेली होती. करारावर द्राक्षे पिकविणाऱ्याच्या मालातूनही पहिल्या क्रमांकाची वाईन होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

परीक्षणाच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी : पाहणे. पेला दांड्याला धरून पांढऱ्या कागदावर थोडा तिरपा करावा. वाईन नितळ आहे की गढूळ, हे पाहावे. पांढरी नवी वाईन फिकट पिवळी, किंचित हिरवट झाकेची असते. ती तपकिरीकडे झुकली असल्यास हवेचा संपर्क जास्त झाला आहे असे समजावे. नवी लाल वाईन जांभळट असते आणि जुनी होत जाते तशी काठाकडे विटकरी होते. कोवळ्या वयातच विटकरी रंग दिसणे हे चांगले लक्षण नाही. तळाशी खडीसाखरेच्या कणांसारखे चकाकणारे खडे दिसल्यास घाबरू नये. ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात आणि निरुपद्रवी असतात.

दुसरी पायरी : हुंगणे. प्रथम पेला न हलवता वास घ्यावा. नंतर पेला टेबलावर टेकवून गोल फिरवावा आणि पुन्हा वास घ्यावा. लांब श्वास एकदाच घेण्याऐवजी दोन-तीन छोटे श्वास घ्यावेत. स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. वास स्वच्छ आहे काय? वास जातीला शोभणारा आहे काय? वास भरपूर आहे की दबलेला? वासाला नाव देताना पुस्तकी शब्द शोधत बसू नये. आपल्या ओळखीचा वास लिहावा. सोव्हिन्याँ ब्लाँमध्ये पेरू, कापलेले गवत, ढोबळी मिरची, शेनिन ब्लाँमध्ये सफरचंद, खरबूज, मध, शिराझमध्ये काळी मिरी व जांभूळ असे वास आढळतात. पेरूचा वास ज्याच्या घरी पेरूची बाग आहे त्याला परदेशी परीक्षकापेक्षा लवकर कळेल.

तिसरी पायरी : चाखणे. चहाच्या दोन चमच्यांइतका घोट घ्यावा, तो सर्व जिभेवर व हिरड्यांवर फिरवावा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढावी आणि थुंकावे. गोडी लगेच कळते. आम्लता आवळा किंवा चिंच खाल्ल्याप्रमाणे तोंडाला पाणी आणते. तुरटपणा कच्च्या केळ्याप्रमाणे हिरड्या आवळतो. आम्लता व तुरटपणा यांची गल्लत नवशिक्याकडून नेहमी होते. तोंड ओले होते तेव्हा आम्लता आणि कोरडे पडते तेव्हा तुरटपणा, अशी खूण लक्षात ठेवावी. घशात ऊब वाटते ती मद्यार्काची. थुंकल्यानंतर मनात सावकाश अंक मोजावेत. चव पटकन नाहीशी झाली तर वाईन साधी, बराच वेळ सुखद राहिली तर चांगली.

प्रत्येकाने आपले मत आधी कागदावर लिहावे, मगच बोलावे. गटातील मोठ्या बागायतदाराने किंवा पाहुण्या तज्ज्ञाने आधी तोंड उघडले की बाकीच्यांचे गुण तिकडेच झुकतात.

गुण कसे द्यावेत

गुण देण्याच्या अनेक पद्धती आहेत. शिकणाऱ्यास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील २० गुणांची पद्धत सोपी पडते, कारण तीत प्रत्येक बाबीकडे वेगळे पाहावे लागते.

तक्ता : वाईनचे गुणदान (एकूण २० गुण)

नितळपणा – २
रंग – २
वास – ४
शिरक्याचा दोष (नसल्यास पूर्ण गुण) – २
आम्लता – २
गोडी (त्या प्रकारास योग्य काय) – १
भरीवपणा – १
चव – २
तुरटपणा – २
एकूण दर्जा – २

१७ ते २० गुण मिळालेली वाईन उत्कृष्ट, १३ ते १६ साधारण चांगली, ९ ते १२ विकण्याजोगी पण दोष जाणवणारी, ५ ते ८ विकण्यास अयोग्य आणि त्याखालील पूर्णपणे बिघडलेली समजतात. तक्त्यातील पहिल्या चार बाबींचे मिळून १० गुण होतात. वर सांगितलेले न चाखता देता येणारे गुण ते हेच.

आपले गुणदान विश्वासार्ह आहे काय, हेही तपासावे. एकच वाईन दोन वेगवेगळ्या क्रमांकांनी ठेवावी. दोन्हींना दिलेल्या गुणांत तीन-चारांचा फरक पडत असेल तर अजून सराव हवा. दुसरी कसोटी तीन पेल्यांची. दोन पेल्यांत एक वाईन आणि तिसऱ्यात दुसरी घालून वेगळा पेला ओळखावा. नुसत्या अंदाजानेही तिघांत एकाचे उत्तर बरोबर येते, म्हणजे १२ जणांत चौघांचे. म्हणून १२ पैकी निदान ८ जणांनी बरोबर ओळखले तरच दोन वाईनमध्ये खरा फरक आहे असे मानावे. शेजारच्या दोन प्लॉटच्या वाईनमध्ये फरक आहे किंवा नाही, हा वाद या कसोटीने मिटविता येतो.

शिरक्याचा दोष ओळखण्यासाठी घरगुती सराव करावा. १०० मि.ली. चांगल्या वाईनमध्ये ४ टक्के तीव्रतेचा साधा शिरका २ मि.ली. मिसळावा. त्यामुळे लिटरमागे सुमारे ०.८ ग्रॅम अ‍ॅसिटिक आम्ल वाढते. न मिसळलेल्या वाईनशेजारी ठेवून दोन्हींचा वास घ्यावा. हा फरक एकदा नाकात बसला की विसरत नाही.

नव्या वाईनमध्ये काय जाते, काय राहते

नवी वाईन चाखताना होणारी मोठी चूक म्हणजे तात्पुरत्या गोष्टींना कायमचा दोष मानणे किंवा कायमच्या दोषाला "पुढे सुधारेल" म्हणून सोडून देणे. पुढील भेद ध्यानात ठेवावा.

काळाने कमी होणारे : थंड तापमानात आंबविलेल्या नव्या पांढऱ्या वाईनमधील पिकल्या केळ्याचा वास काही महिन्यांत ओसरतो, म्हणून तेवढ्यावरून वाईन वाखाणू नये. टाकीतून काढलेल्या नमुन्यातील गढूळपणा व यीस्टचा वास नंतर निवळतो. काडेपेटीच्या काडीसारखा नाकाला झोंबणारा गंधकाचा वास पेला फिरवल्यावर कमी होतो. पक्व द्राक्षांचा रांगडा तुरटपणा लाल वाईनमध्ये हळूहळू मऊ होतो.

न जाणारे : शिरक्याचा वास जात नाही, उलट वाढू शकतो. पांढऱ्या वाईनचा तपकिरी रंग मागे फिरत नाही. कच्च्या बियांचा कडवटपणा व दाट हिरवट वास बव्हंशी टिकून राहतो. पातळ वाईन ठेवून भरीव होत नाही.

कुजक्या अंड्यासारखा वास मधल्या गटात मोडतो. सौम्य असल्यास हवा दिल्याने जातो. खात्री करण्यासाठी त्या पेल्यात स्वच्छ तांब्याची तार काही मिनिटे बुडवून फिरवावी. वास नाहीसा झाला तर तो हायड्रोजन सल्फाईडचा होता. ही वाईन मात्र तोंडात घेऊ नये, फेकून द्यावी.

दोष वाईनमध्ये, कारण कोठे?

१) हिरवट, ढोबळी मिरचीचा उग्र वास : कॅबर्ने सोव्हिन्याँ जातीत हा प्रकार विशेष आढळतो. घडांवर दाट सावली आणि घाईची काढणी ही मुख्य कारणे आहेत. घडांजवळची काही पाने सकाळच्या उन्हाच्या बाजूने काढावीत. दुपारच्या उन्हाच्या बाजूची पाने ठेवावीत, अन्यथा मणी भाजतात. सोव्हिन्याँ ब्लाँमध्ये हाच वास थोड्या प्रमाणात जातीचा गुण मानला जातो.

२) पातळ चव, फिका रंग : वेलीवर घड जास्त किंवा मण्यात पाणी उतरल्यानंतर पाणी जास्त. खाण्याच्या द्राक्षाप्रमाणे एकरी १० ते १२ टनांचे गणित वाईनच्या जातीला लावू नये.

३) मिळमिळीत, आम्लता नसलेली वाईन : काढणीस उशीर होऊन उन्हाचा तडाखा बसला की मण्यातील मॅलिक आम्ल झपाट्याने घटते आणि सामू वाढतो. पालाशाचा अतिरेकही सामू वाढवितो. देठ परीक्षण केल्याशिवाय पालाश वाढवू नये.

४) कुजक्या अंड्याचा वास : काढणीच्या तोंडावर मारलेल्या गंधकाचे अवशेष हे एक कारण, रसात नत्राची कमतरता हे दुसरे. काढणीपूर्व कालावधी काटेकोर पाळावा आणि फवारणीची नोंद वायनरीला द्यावी. वायनरीतही यीस्टला पुरेसे अन्न न मिळाल्यास हा दोष येतो.

५) शिरक्याचा वास : फुटलेले, पक्ष्यांनी टोचलेले, कुजके मणी आणि उन्हात ताटकळलेले क्रेट. काढणी पहाटे करावी, खराब घड बागेतच वेगळे करावेत, क्रेट दाबून भरू नयेत. मात्र माल वेळेवर पोहोचूनही वायनरीच्या दारात दिवसभर उभा राहिला तर तो दोष आपला नव्हे. म्हणून पोहोचल्याची वेळ पावतीवर लिहून घ्यावी.

६) बुरशीसारखा, मातकट वास : भुरीग्रस्त घड थोडे मिसळले तरी वाईनला वास लागतो. पण ओल्या पुठ्ठ्यासारखा वास एकाच बाटलीत असेल तर तो बुचाचा दोष असू शकतो. दुसरी बाटली उघडून पाहावी.

७) सोव्हिन्याँ ब्लाँचा दबलेला वास : काढणीजवळच्या ताम्रयुक्त फवारणीतील तांबे पेरूसारख्या वासाचे घटक बांधून टाकते. उशिराची बोर्डो फवारणी टाळावी.

८) घोड्याच्या पागेसारखा वास, लाकडाचा अतिरेक : हे दोष बागेचे नाहीत. पिंपांची स्वच्छता व वाईन साठविण्याची पद्धत यांच्याशी त्यांचा संबंध आहे.

हीच यादी कराराच्या बोलण्याच्या वेळी जवळ ठेवावी. समोरच्याने दोष सांगितला की "वाईन दाखवा" असे नम्रपणे म्हणावे, स्वतः वास घ्यावा आणि कारण कोणते ते विचारावे.

बागेत मणी चाखावेत

वाईनची पारख आली की तिचा खरा उपयोग काढणीपूर्वी होतो. काढणीच्या अंदाजे तीन आठवडे आधीपासून दर तीन-चार दिवसांनी सुमारे २०० मणी गोळा करावेत. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या खांद्याचे, मधले व टोकाचे मणी त्यात यावेत. निवडून गोड मणी घेतल्यास आपणच आपली फसवणूक करतो. मणी पिशवीत चिरडून रस गाळावा आणि ब्रिक्स व सामू पाहावा. ढोबळमानाने एक ब्रिक्समागे ०.५५ ते ०.६ टक्के मद्यार्क मिळतो. म्हणजे २२ ब्रिक्सच्या रसापासून १२ ते १३ टक्क्यांची वाईन होते.

परंतु ब्रिक्स ही केवळ साखर आहे. साखर भरली तरी वास व तुरटपणा पक्व झालेला असेलच असे नाही. म्हणून काही मणी वेगळे ठेवून चावावेत. प्रथम गर चाखावा, नंतर साल बराच वेळ चावावी आणि शेवटी बी फोडून पाहावी. साल चावताना हिरवट गवताची चव येते की फळाची? बी हिरवी व कडू आहे की तपकिरी, कुरकुरीत? प्रत्येक वेळी तारीख, ब्रिक्स, सामू व चव अशा चार गोष्टी वहीत लिहाव्यात. तीन-चार हंगामांच्या अशा नोंदी आणि त्या त्या वर्षीच्या वाईनचे गुण शेजारी ठेवले की आपल्या प्लॉटसाठी काढणीचा योग्य दिवस कोणता, हे त्या वहीतूनच समजू लागते.

थोडक्यात

वाईन द्राक्षाच्या अनेक करारांत दर जात व ब्रिक्स यांवर ठरतो, पण पुढील वर्षी करार होईल की नाही हे वाईनच्या चवीवर ठरते. म्हणून प्रत्येक गटाने वर्षातून किमान दोन बैठका घ्याव्यात, एक नव्या पांढऱ्या वाईनसाठी व एक लालसाठी. करार करताना, माल पुरेसा असल्यास आपल्या प्लॉटची वाईन वेगळी आंबवून तिचा नमुना दाखविण्याची अट घालण्याचा प्रयत्न करावा. नावे झाकावीत, थुंकावे, आधी लिहावे आणि नंतर बोलावे. आणि त्या बैठकीचा कागद फळछाटणीपूर्वी पुन्हा वाचावा. मागील वर्षीच्या पेल्यात जे आढळले त्यानुसार या वर्षी घड किती ठेवावेत, पाने कोठली काढावीत आणि काढणी केव्हा करावी, याचा निर्णय घ्यावा.